निवाड्यावर अपील : परवानगी कुठे लागते, मुदत कुठे संपते?



बेणे, लागण, खताचे हप्ते आणि पाण्याच्या पाळ्या हे आमचे नेहमीचे विषय. या अंकात मात्र थोडी वेगळी वाट धरली आहे. गट कार्यालयात ऊसनोंदीसाठी येणारे सभासद हल्ली सातबाऱ्याबरोबर आणखी एखादा कागद पुढे करतात. कुणाजवळ पतसंस्थेचा वसुली दाखला असतो, कुणाजवळ सहकार न्यायालयाचा निकाल, तर कुणाजवळ ट्रॅक्टरच्या कर्जावरून फायनान्स कंपनीच्या लवादाने दिलेला इंग्रजी निवाडा. प्रश्न मात्र सर्वांचा एकच : "साहेब, याच्यावर अपील कराले कोर्टाची परवानगी घ्या लागते काय?"

हा प्रश्न साधा दिसतो, पण उत्तर कागदागणिक बदलते. "परवानगी मिळाली की बघू" म्हणून कागद फडताळात ठेवला, तोडणी आटोपली, हंगाम संपला आणि तोवर मुदतही संपली, असे होऊ नये. मुदत एकदा गेली की बाजू कितीही खरी असली तरी ऐकून घ्यायला कोणी उरत नाही. आम्ही शेतकी खात्याची माणसे, वकील नव्हे. वकिलाचे काम वकीलच करील. परंतु वकिलाकडे कोणता कागद घेऊन जायचा आणि किती दिवसांत जायचे, एवढे तरी प्रत्येक सभासदाला ठाऊक असावे, म्हणून हा खटाटोप.

पहिली गोष्ट : कागद कुणाचा आहे ते पाहा

कागद हाती आला की रक्कम पाहण्याआधी वरचे शीर्षक पाहावे. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या हाती साधारणपणे तीन तऱ्हेचे कागद येतात.

(१) सहकार न्यायालयाचा निकाल.
(२) निबंधकाचा कलम १०१ खालील वसुली दाखला.
(३) खासगी लवादाचा निवाडा, म्हणजे लोक ज्याला 'अवॉर्ड' म्हणतात तो.

तिन्ही कागदांचा शेवट वसुलीतच होतो. त्यांच्यावर दाद मागण्याच्या वाटा मात्र तीन वेगळ्या आहेत, आणि एका वाटेचा नियम दुसरीला लावला की घोटाळा होतो.

सहकार न्यायालयाचा निकाल

आपला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा. तो अमलात आला २६ जानेवारी १९६२ रोजी. संस्थेची रचना, निवडणूक, सभा, कारभार किंवा व्यवसाय यांच्याशी संबंध असलेला वाद संस्था आणि सभासद, माजी सभासद, जामीनदार वगैरेंमध्ये उद्भवला, तर तो कलम ९१ प्रमाणे सहकार न्यायालयात जातो. असे वाद दिवाणी कोर्टात नेता येत नाहीत. कलम १६३ ने तो रस्ता बंद केला आहे.

पूर्वी ही न्यायालये नव्हती. निबंधक स्वतः किंवा त्याने नेमलेला माणूस, म्हणजे 'नॉमिनी', हे वाद लवाद म्हणून सोडवीत असे. १९७४ च्या दुरुस्तीने स्वतंत्र सहकार न्यायालये आली. जुनी मंडळी आजही कलम ९१ च्या दाव्याला 'लवादाची केस' म्हणतात, ते यामुळेच. बोलायला हरकत नाही, पण ती आता न्यायालयातली केस आहे हे ध्यानात असू द्यावे.

व्यवसायाशी संबंध म्हणजे वाटेल तो संबंध नव्हे. डेक्कन मर्चंट्स को-ऑपरेटिव्ह बँकेच्या खटल्यात १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने या शब्दांचा अर्थ मर्यादित धरला. बँकेच्या ताब्यात आलेल्या इमारतीतील भाडेकरूचा वाद हा बँकेच्या व्यवसायाचा वाद नव्हे, असे त्यात ठरले. म्हणून दावा दाखल करण्यापूर्वीच तो कलम ९१ मध्ये बसतो की नाही हे वकिलाकडून पाहून घ्यावे.

आता अपिलाचे. सहकार न्यायालयाचा निकाल मान्य नसेल तर कलम ९७ प्रमाणे महाराष्ट्र राज्य सहकारी अपील न्यायालयात अपील करता येते. आपल्या भागाला त्याचे नागपूर येथील खंडपीठ आहे. मुदत निकालाच्या तारखेपासून दोन महिने. आणि या पहिल्या अपिलाला कुणाचीही परवानगी लागत नाही. ते पक्षकाराच्या हक्काचे आहे. दावा चालू असताना निकालाआधीच जप्तीचा किंवा मनाईचा हुकूम झाला, तर त्यावरही याच कलमाने अपील होते.

मग परवानगीची गोष्ट येते कुठून? दोन ठिकाणांहून.

पहिले ठिकाण उशिराचे. दोन महिने उलटून गेले असतील तर कलम १५३ प्रमाणे अपील न्यायालय उशीर माफ करू शकते. त्यासाठी अपिलाबरोबर वेगळा अर्ज द्यावा लागतो आणि उशिराचे पुरेसे कारण दाखवावे लागते. आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद, निकाल उशिरा कळला असेल तर कधी आणि कसा कळला त्याचा पुरावा. "तोडणीच्या गर्दीत राहून गेले" एवढ्यावर कोर्ट मानेलच असे नाही. ही माफी म्हणजे मेहेरबानी, हक्क नव्हे.

दुसरे ठिकाण तिऱ्हाइताचे. समजा, थोरल्या भावावर निकाल झाला आणि जप्ती सामाईक गटावर आली. धाकटा भाऊ दाव्यात पक्षकारच नव्हता. दिवाणी कायद्याची सर्वसाधारण रीत अशी, की जो मूळ दाव्यात पक्षकार नाही पण निकालाने ज्याच्या हक्काला धक्का बसतो, त्याने अपिलासाठी आधी परवानगी मागावी. घराघरांत खातेफोड बाकी असलेल्या आपल्या भागात हा प्रसंग दुर्मीळ नाही.

वरच्या कोर्टात गेल्यावर काय होते?

अपील न्यायालयातही निकाल विरुद्ध गेला तर दुसरे अपील नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे रिट याचिका करता येते. नागपूरला १९३६ पासून १९५६ पर्यंत स्वतंत्र उच्च न्यायालय होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला, तेव्हापासून तेथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसते. अमरावती-अकोल्याच्या माणसाला त्यामुळे मुंबई गाठावी लागत नाही.

ही याचिका म्हणजे तिसऱ्यांदा केस लढवणे नव्हे. खालच्या न्यायालयाने आपल्या अधिकाराबाहेर काही केले काय, कायद्याची उघड पायमल्ली झाली काय, एवढेच उच्च न्यायालय पाहते. साक्षीदार खरे बोलला की खोटे, पावती खरी की बनावट, हे तेथे नव्याने तपासले जात नाही. तेव्हा पुरावा द्यायचा तो सहकार न्यायालयातच, पहिल्या पायरीवर.

त्याच्याही वर सर्वोच्च न्यायालय. खरी 'परवानगी' येथे लागते. अनुच्छेद १३६ खाली जी याचिका करतात तिचे नावच विशेष अनुमती याचिका आहे. उच्च न्यायालयाच्या निकालापासून नव्वद दिवसांत ती दाखल करायची. न्यायालयाने अनुमती दिली तर पुढे अपील ऐकले जाते. नाही दिली तर विषय संपला. पुष्कळ याचिका या दारातूनच परत जातात. दिल्लीपर्यंतचा खर्च करण्याआधी वादाची रक्कम किती आणि मुद्दा किती वजनाचा, याचा हिशेब मांडावा.

कलम १०१ चा दाखला : येथे अपील नाही

सेवा सोसायटी, सहकारी बँक किंवा पतसंस्था यांचे कर्ज थकले की बहुधा कलम ९१ चा दावा होत नाही. संस्था निबंधकाकडे अर्ज करते, चौकशीची नोटीस निघते आणि कलम १०१ खाली वसुली दाखला मिळतो. मग वसुली अधिकारी जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करू लागतो.

या दाखल्यावर सहकार अपील न्यायालयात अपील होत नाही. कलम १५४ खाली फेरतपासणीचा अर्ज करावा लागतो, ज्याला कचेरीत 'रिव्हिजन' म्हणतात. तालुक्याच्या सहायक निबंधकाने दाखला दिला असेल तर आपल्याकडे हा अर्ज सहसा अमरावतीच्या विभागीय सहनिबंधकांकडे जातो. मुदत दोन महिने. आणि अट अशी, की येणे रकमेच्या पन्नास टक्के रक्कम त्या संस्थेत भरल्याशिवाय अर्ज ऐकलाच जात नाही. चार लाखांचा दाखला असेल तर दोन लाख आधी भरा, मग बोला.

एवढी रोकड ऐन वेळी आणणे किती जणांना जमेल? म्हणून १०१ च्या प्रकरणात खरी लढाई दाखला निघण्यापूर्वीची. चौकशीची नोटीस आली त्या तारखेला हजर राहावे. भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या दाखवाव्यात, व्याजाचा उतारा मागावा आणि हरकत लेखी द्यावी. जामीनदारानेही जावे. "कर्ज त्याचं हाय, मले काय करा लागते" म्हणून घरी बसलेल्या जामीनदाराच्या शेतावरही बोजा चढतो.

लवादाचा निवाडा : सर्वांत कडक मुदत

आता तिसरा कागद. ट्रॅक्टर, तोडणीची गाडी किंवा पाइपलाइनसाठी खासगी फायनान्स कंपनीचे कर्ज घेताना आपण वीस-पंचवीस पानांवर सह्या करतो. त्यात एक कलम असते की वाद झाला तर तो लवादाकडे जाईल. तोडणी-वाहतुकीच्या करारातही असे कलम असू शकते. मल्टिस्टेट पतसंस्थांचे तर कायद्यानेच तसे आहे. २००२ च्या बहुराज्य सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८४ प्रमाणे त्यांचे वाद लवादाकडेच जातात. म्हणजे पाटी सहकारी संस्थेची असली तरी ती राज्याची की बहुराज्य, हे विचारून घ्यावे.

लवादामागची कल्पना आपल्याला परकी नाही. पाचामुखी परमेश्वर म्हणून गावाने पंच बसवले आणि दोघांनी मान डोलावली, की मग निवाडा कडू लागला तरी गिळायचा, ही रीत जुनीच आहे. १९९६ च्या लवाद व सलोखा अधिनियमाचाही पाया तोच. लवाद तुम्ही कबूल केला, म्हणून त्याने हिशेबात किंवा कायद्याचा अर्थ लावण्यात चूक केली एवढ्या कारणावर कोर्ट निवाडा उलटवीत नाही.

त्यामुळे या निवाड्यावर अपीलच नसते. कलम ३४ खाली तो रद्द करण्याचा अर्ज असतो. परवानगी लागत नाही, पण कारणे मोजकी आहेत : करारच कायदेशीर नव्हता, लवाद नेमल्याची किंवा सुनावणीची नोटीस मिळाली नाही, आपले म्हणणे मांडता आले नाही, लवादाने त्याच्याकडे न सोपवलेल्या विषयावर निर्णय दिला, लवादाची नेमणूक कराराप्रमाणे झाली नाही, निवाडा सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे किंवा त्यावर उघड दिसणारी बेकायदेशीर गोष्ट आहे.

मुदत निवाडा हाती पडल्यापासून तीन महिने. पुरेसे कारण असेल तर आणखी तीस दिवस. त्यापुढे एक दिवसही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००१ सालीच पॉप्युलर कन्स्ट्रक्शन कंपनीच्या खटल्यात सांगून टाकले, की या तीस दिवसांपलीकडचा उशीर माफ करण्याचा अधिकार कोणत्याही कोर्टाला नाही. उदाहरण घ्या. निवाडा १० जानेवारीस मिळाला. तीन महिने १० एप्रिलला पुरे होतात. वाढीव तीस दिवस १० मे रोजी संपतात. आणि या तीस दिवसांचा शेवट कोर्टाच्या उन्हाळी सुटीत आला तरी सुटीचा फायदा मिळत नाही. २०१२ सालच्या निकालापासून सर्वोच्च न्यायालयाची तीच भूमिका आहे. सहकार न्यायालयाच्या अपिलात उशिराला माफीची आशा असते, येथे नसते. दोहोंतला हा फरक मनावर कोरून ठेवावा.

दिवस मोजायचे ते सही केलेली प्रत हाती आल्यापासून. महाराष्ट्र शासन विरुद्ध आर्क बिल्डर्स या खटल्यात लवादाने सहीची प्रत एकाच पक्षाला दिली होती आणि सरकारी अधिकाऱ्याकडे त्या पक्षाकडून केवळ झेरॉक्स आली होती. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की लवादाकडून सहीची प्रत मिळेपर्यंत मुदत सुरू होत नाही. म्हणून पाकीट कधीही फेकू नये. त्यावरचा टपालाचा शिक्का हाच आपला पुरावा.

याची दुसरी बाजूही आहे. नेहमीच्या पत्त्यावर पोहोचलेले पत्र मिळालेच असे कायदा धरतो. पत्ता सापडलाच नाही तर शेवटच्या ठाऊक पत्त्यावर रजिस्टरने पाठवलेलेही चालते. पोस्टमनला "घेत नाही" म्हणून परत पाठवल्याने सुटका होत नाही. उलट निवाडा एकतर्फी होतो, आणि तो दिवाणी हुकूमनाम्यासारखा बजावला जातो. निवाडा चेन्नईत झालेला असला तरी मालमत्ता जेथे आहे तेथील कोर्टात थेट वसुलीचा अर्ज करता येतो, असे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. वसुली थेट अकोल्यात, आणि निवाडा रद्द करण्याचा अर्ज मात्र करारात लवादाचे जे स्थळ लिहिले असेल तेथील कोर्टात. मुंबई लिहिली असेल तर मुंबई. सही करण्याआधी ही एक ओळ तरी वाचून घ्यावी.

आणखी एक. २०१५ पूर्वी कलम ३४ चा अर्ज दाखल झाला की वसुली आपोआप थांबत असे. आता थांबत नाही. स्थगितीचा वेगळा अर्ज द्यावा लागतो आणि कोर्ट काही रक्कम भरण्याची अट घालू शकते.

लवाद कुणाचा?

शेतकऱ्याच्या हाती येथे एक बळकट मुद्दा आहे. कंपनीने आपल्याच मर्जीचा एकटा लवाद नेमायचा, अशी कलमे करारात सर्रास असत. २०१५ च्या दुरुस्तीने पक्षकाराशी हितसंबंध असलेल्या माणसाला लवाद होण्यास अपात्र ठरवले. २०१९ साली पर्किन्स ईस्टमन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ज्याला निकालात हितसंबंध आहे त्याने एकट्याने एकमेव लवाद नेमू नये. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी घटनापीठानेही सरकारी करारांतील एकतर्फी नेमणुकीची कलमे समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवली.

तेव्हा नेमणुकीची नोटीस येताच लेखी हरकत पाठवावी. मात्र वाद सुरू झाल्यावर "हा लवाद मला मान्य आहे" अशा कागदावर सही दिली, तर हा हक्क आपणच सोडून दिला असे होते. कायद्यात तशी सोय ठेवलेली आहे. प्रतिनिधी घरी येऊन "तडजोडीचा फारम हाय, सही करा" म्हणाला तर आधी कुणाकडून तरी वाचून घ्यावे.

कलम ३४ चा अर्ज फेटाळला गेला तर कलम ३७ खाली एक अपील आहे, त्यालाही परवानगी लागत नाही. दुसरे अपील नाही. पुढे केवळ सर्वोच्च न्यायालयाची विशेष अनुमती. या अपिलातही ढिलाई चालत नाही. महाराष्ट्र शासनाच्या जलसंपदा विभागाच्या बोरसे ब्रदर्स खटल्यात २०२१ साली न्यायालयाने म्हटले की उशीर माफ होईल तो अपवाद म्हणून आणि थोडाच. सरकारच्या खात्याला जी सवलत नाही ती आपल्याला मिळेल या भरवशावर राहू नये.

विलायतेतली रीत

लवादाच्या निवाड्यावर अपील करायला कोर्टाची परवानगी, ही पद्धत खरोखर आहे ती इंग्लंडात. तेथील १९९६ च्या कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे कायद्याच्या प्रश्नावर अपील करता येते, पण दोन्ही पक्षांची संमती किंवा कोर्टाची परवानगी हवी. मुदत अठ्ठावीस दिवस. निवाडा उघड चुकीचा आहे, किंवा प्रश्न सर्वांच्या महत्त्वाचा असून निवाडा शंकास्पद आहे, असे दिसले तरच परवानगी मिळते. जागतिक बाजारातील साखरेच्या अनेक सौद्यांत लंडनच्या रिफाइन्ड शुगर असोसिएशनचे लवादाचे नियम असतात, म्हणून साखरधंद्याला ही रीत अगदीच अनोळखी नाही. आपल्या देशाने मात्र १९९६ साली ती घेतली नाही. आपल्याकडे परवानगीचे दारही नाही आणि कायद्याच्या प्रश्नावरचे अपीलही नाही.

उसाच्या बिलाबद्दल

ऊसबिल थकले तर लवाद शोधत बसू नये. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावयाचे असतात आणि उशीर झाल्यास दरसाल दरशेकडा पंधरा व्याज लागते. तक्रार पुण्याच्या साखर आयुक्तांकडे करता येते आणि थकलेली रक्कम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाप्रमाणे वसूल होऊ शकते. कारखान्याच्या पत्रिकेत हे छापणे आम्हांस अवघड वाटत नाही. नियम सर्वांना सारखा.

सभासदांनी एवढे करावे

१. कागद मिळाल्याची तारीख त्याच दिवशी कागदावर लिहावी आणि पाकीट जपावे.

२. बँक, संस्था, कंपनी यांच्याकडील पत्ता बदलला असेल तर लेखी कळवून पोच घ्यावी.

३. सहकार न्यायालयाच्या निकालाच्या सही-शिक्क्याच्या नकलेसाठी लगेच अर्ज द्यावा. नक्कल मिळायला लागलेले दिवस सामान्यतः मुदतीत धरत नाहीत, पण अर्जच उशिरा दिला तर ते दिवस आपल्याच खाती पडतात.

४. मुदतीची शेवटची तारीख घरातल्या कॅलेंडरवर ठळक करावी आणि तिच्या महिनाभर आधीच वकिलाकडे जावे.

५. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे किंवा अमरावती-अकोल्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या पक्षकारांना मोफत मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे म्हणतात, आणि समेट होत असेल तर तो केव्हाही बरा. पण समेटाची बोलणी चालू आहेत म्हणून मुदत थांबत नाही. एकीकडे बोलणी चालू ठेवावी, दुसरीकडे अर्ज तयार ठेवावा. जमीन राहिली तर ऊस उद्याही लावता येईल.

ऊस विकास अधिकारी,
शेतकी विभाग